बांधावरचा करंज आणि टाकीतले डिझेल

वाचकांचे प्रश्न : तेलबिया आणि बायोडिझेल

बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी आणि अथणी भागांतून या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे इथे घेतली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. उत्तरांत सोयाबीन व भुईमुगाचा भाव २०२५-२६ च्या खरिपाच्या हमीभावाचा आहे. मजुरी, पेंड आणि गाळणावळ हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. त्यांच्या जागी आपल्या बाजारातले आकडे घालून हिशेब पुन्हा करावा.

प्रश्न : माझे तीन एकर सोयाबीन असते. भाव पडला की विकावेसे वाटत नाही. त्याच सोयाबीनचे तेल काढून ट्रॅक्टरसाठी बायोडिझेल केले तर परवडेल का? — एक शेतकरी, येळ्ळूर

परवडणार नाही. कारण नीट समजून घ्या, कारण हाच हिशेब पुढे प्रत्येक पिकाला लावायचा आहे.

सोयाबीनमध्ये तेल असते १८ ते २० टक्के. पण गावातला एक्सपेलर (बी दाबून तेल गाळणारे यंत्र) ते सगळे काढू शकत नाही. क्विंटलला १२ किलोच्या आसपास तेल हाती येते, म्हणजे साधारण १३ लिटर. बाकीचे पेंडीत राहते. मोठे कारखाने द्रावक, म्हणजे तेल विरघळवणारे रसायन, वापरून ते खेचून काढतात, आपल्याला ते जमणारे नाही. आता आकडे मांडा. एक क्विंटल सोयाबीन ५३२८ रुपये, गाळणावळ ५०० रुपये. पेंड ८० किलो, ३५ रुपयांनी २८०० रुपये वजा. राहिले ३०२८. त्याला १३ ने भागले की कच्चे तेलच लिटरला २३० रुपयांच्या वर जाते. तेलाचे बायोडिझेल करायला लागणारे मिथेनॉल (एक विषारी अल्कोहोल) आणि कॉस्टिक सोडा, शिवाय वीज, कष्ट अजून धरलेले नाहीत. पंपावर डिझेल नव्वदच्या आसपास धरा. बाजारात भाव हमीभावापेक्षा हजार रुपयांनी पडला, तरी तेल दीडशेच्या वरच राहते.

भुईमुगाचेही तसेच. क्विंटलभर शेंगांतून ७० किलो दाणे, २८ किलो तेल, ४० किलो पेंड. ७२६३ रुपयांच्या शेंगांवरून लिटरमागे सुमारे २०० रुपये पडतात. पण इथे एक फरक आहे. घाण्याचे शेंगतेल खाण्यासाठी त्याहून चांगल्या भावाने जाते, आणि पेंडीला दुभत्या जनावरांमुळे कायम गिऱ्हाईक असते. म्हणून खाद्यतेल देणारे पीक खाण्यासाठीच गाळावे किंवा विकावे. इंधनासाठी दोनच गोष्टींचा विचार करावा : पिकाची जागा न अडवणारी, न खाण्याची बी, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः करंज, आणि हॉटेलांत तळून उरलेले तेल.

सोयाबीनवर जास्त पैसा हवा असेल तर बियाणे म्हणून जपलेले सोयाबीन पाहा. धारवाड कृषी विद्यापीठाचे डीएसबी-२१ हे वाण तांबेऱ्याला तोंड देते, आणि आपल्या पट्ट्यात ऑगस्टच्या ढगाळ, ओलसर हवेत तांबेरा येतोच. बियाण्यासाठीचे सोयाबीन मळताना मात्र मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास ठेवा. जास्त वेगाने दाण्याची साल तडकते. वरून दाणा चांगला दिसतो, पण पेरल्यावर उगवत नाही.

प्रश्न : आमच्या भागात पाऊस भरपूर, जमीन जांभ्याची, भात हेच पीक. बांधावर करंज लावायचा विचार आहे. किती झाडे, कशी लावावीत, तेल कधी मिळेल? — दोन भाऊ, नंदगड (ता. खानापूर)

करंज तुमच्याकडे नवा नाही. कन्नडमध्ये ज्याला होंगे म्हणतात तेच हे झाड. ओढ्याच्या काठाला ते आपोआप वाढते. शेंगवर्गातले असल्याने मुळांवर गाठी येतात, जनावरे पाला फारसा खात नाहीत, आणि एकदा मूळ धरले की उन्हाळ्यात पाणी लागत नाही. अडचण एवढीच की झाड डेरेदार होते आणि सावली पडते. एक एकर चौकोनी शेताच्या चारही बांधांवर ६ मीटरला एक अशी चाळीसेक झाडे बसतात, पण चारही बाजूंनी लावू नका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असतो आणि सावली उत्तरेला पडते. म्हणून उत्तरेच्या बांधावर, आणि तेही पलीकडे ओढा, रस्ता किंवा पड असेल तरच लावा. पलीकडे शेजाऱ्याचे भात असेल तर पाच वर्षांनी भांडण ठरलेले. आधी बोलून घ्या, जमले तर दोघांनी मिळून एकच ओळ लावा आणि बी वाटून घ्या.

रोपे घरी करायची तर त्याच हंगामातले बी घ्या. करंजाच्या बियांचा उगवण्याचा जोर काही महिन्यांतच कमी होतो. बी रात्रभर पाण्यात भिजवून पिशवीत दोन सेंटिमीटर खोल लावा. दहा-पंधरा दिवसांत उगवते. वर्षभराचे दोन फुटांचे रोप जून-जुलैत लावायला योग्य. साध्या जमिनीत दीड फूट लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा पुरतो, पण जांभ्यात दोन फूट घ्या आणि तळाचा कडक थर पहारीने फोडा. तो न फोडल्यास मूळ आडवे वळते, पावसाचे पाणी खड्ड्यात साचते आणि रोप पहिल्याच वर्षी पिवळे पडते. खड्ड्यात ५ किलो शेणखत आणि पाव किलो सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळा. पहिली तीन वर्षे खालच्या फांद्या छाटत खोड पाच-सहा फूट मोकळे ठेवा, म्हणजे नांगर आणि माणूस खालून जाऊ शकतो.

बियांपासून केलेल्या झाडाला पाच ते सात वर्षांनी शेंगा धरतात, कलमाला तीन-चार वर्षांनी. बियांच्या झाडांत फरक फार असतो. एकाच वयाचे एक झाड पाच किलो बी देते, दुसरे तीस किलो. म्हणून दरवर्षी भरपूर धरणारे झाड आपल्या ओढ्याकाठी शोधा आणि कलमाच्या काड्या त्याच्याच घ्या. या एका कामाने पुढच्या तीस वर्षांचे उत्पन्न ठरते.

सगळ्यांत महत्त्वाचे काम गोळा करण्याचे. शेंगा फेब्रुवारी ते एप्रिल-मेपर्यंत पिकतात. रंग तपकिरी झाला की बांबूने झोडून ताडपत्रीवर पाडा. वळवाचा पाऊस पडायच्या आत झाडाखालच्या सगळ्या शेंगा उचलल्या गेल्या पाहिजेत. भिजलेल्या शेंगेत बी कुजू लागते आणि तेलातले आम्ल वाढते. असे तेल नंतर बायोडिझेल करताना साबण होऊन बसते. बायोडिझेल बिघडण्याची सुरुवात बहुतेक वेळा इथे, झाडाखालीच झालेली असते. शेंगा दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, टरफल काढा, बी गोणपाटात भरून फळीवर ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत गाळून घ्या. प्लास्टिकच्या पोत्यात भरून पावसाळाभर ठेवू नका.

चार किलो बियांतून एक किलो तेल आणि तीन किलो पेंड हा गावच्या एक्सपेलरचा हिशेब. समजा एका माणसाने दिवसात १५ किलो बी गोळा करून सोलले आणि मजुरी ४०० रुपये धरली. चार किलो बी १०७ रुपयांना पडले. तीन किलो पेंड वीस रुपयांनी ६० रुपये, ते वजा. गाळायला २० रुपये. एक किलो तेल ६७ रुपयांना, म्हणजे लिटर साधारण ६२ रुपयांना पडते. त्यावर मिथेनॉल आणि इतर खर्च २०-२५ रुपये. म्हणजे डिझेलच्या बरोबरीत सुटते, फार वर जात नाही. जे काही हातात राहील ते पेंडीमुळे राहील. पेंड विकली गेली नाही, तर डिझेल महाग पडते हे आधीच लक्षात घ्या. घरच्याच माणसांनी रिकाम्या दिवसांत काम केले, तर मजुरीचा पैसा घरात राहतो, आणि खरा फायदा तोच आहे.

प्रश्न : करंजाची पेंड म्हशींना घातली तर चालते का? — संकेश्वर

नाही. त्यात करंजिनसारखी कडू, अपायकारक द्रव्ये असतात. ही पेंड खत म्हणूनच वापरा. तिच्यात सुमारे ४ टक्के नत्र असते, आणि ती युरियासोबत मिसळली तर नत्र लवकर वाहून जात नाही. खानापूरसारख्या जोराच्या पावसात भाताला याचा उपयोग होतो. नुसत्या नत्राचा हिशेब केला तर मात्र ३०० किलो पेंड म्हणजे युरियाचे जेमतेम अर्धे पोते. म्हणून विकायची असेल तर रासायनिक खत न वापरणारे भाजीपाला व फळबागवाले गिऱ्हाईक शोधा, तेच तिला योग्य भाव देतात.

प्रश्न : आम्ही पाच मित्रांनी हॉटेलातले वापरलेले तेल आणून बायोडिझेल करून पाहिले. पहिली खेप बरी झाली, दुसरी दह्यासारखी घट्ट झाली. चूक काय झाली? कृती सविस्तर द्यावी. — कडोली

दुसऱ्या खेपेच्या तेलात पाणी होते, किंवा आम्ल जास्त होते, किंवा दोन्ही. दोन्हींचा परिणाम एकच, साबण. पहिल्या खेपेचे प्रमाण डोळे झाकून दुसऱ्या खेपेला लावले असेल तर असे होणारच. प्रत्येक हॉटेलचे तेल वेगळे असते. एका गाड्यावर भजी दोन दिवस तळतात, दुसऱ्यावर आठवडाभर. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तळलेल्या तेलातल्या ध्रुवीय घटकांना (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या खराब घटकांना) २५ टक्क्यांची मर्यादा २०१८ मध्ये घातली आणि असे तेल बायोडिझेलकडे वळवण्याची मोहीमही तेव्हाच सुरू केली. म्हणजे हे तेल मिळेल, पण ते पुन्हा कुणाच्या कढईत जाणार नाही याची जबाबदारी तुमचीही आहे.

कृतीच्या आधी सुरक्षितता. मिथेनॉल म्हणजे विष. वाफेने आणि कातडीतूनही ते शरीरात जाते, डोळे जातात, जीव जातो. त्याची ज्योत दिवसा दिसतही नाही. काम उघड्या शेडमध्ये करा, जवळ चूल, बिडी, वेल्डिंग काही नको. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, शेजारी पाण्याची भरलेली बादली. लहान मुले त्या आवारात येता कामा नयेत. मिथेनॉलच्या खरेदीवर आणि साठ्यावर सरकारी नियंत्रण आहे, त्यामुळे कॅन आणण्याआधी परवानगीची चौकशी करा.

भांडे लोखंडी किंवा स्टेनलेस स्टीलचे, तळ नरसाळ्यासारखा, खाली व्हॉल्व्ह. ॲल्युमिनियम चालत नाही, कॉस्टिक ते खाऊन टाकते. जस्ताचा मुलामा, तांबे, पितळ यांनी तयार इंधन लवकर खराब होते, म्हणून पितळी कॉक बसवू नका.

तेल गाळून घ्या आणि ६० अंशांवर तापवून रात्रभर निथळू द्या. तळाचे पाणी आणि गाळ काढा. मग वरचे तेल पळीभर तव्यावर तापवून ऐका. तडतडले तर पाणी अजून आहे. सगळे तेल शंभर अंशांच्या वर नेऊन तडतड थांबेपर्यंत तापवा आणि थंड होऊ द्या.

आता आम्ल मोजा. हीच पायरी तुम्ही गाळलेली दिसते. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवा. एका काचेच्या भांड्यात १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, त्यात तेल बरोबर १ मिली आणि फिनॉल्फ्थेलिनचे (रंग बदलून दाखवणाऱ्या द्रव्याचे) दोन थेंब घाला. सिरिंजने ते कॉस्टिकचे पाणी थेंब थेंब सोडत हलवत राहा. गुलाबी रंग येऊन अर्धा मिनिट टिकला की थांबा. जितके मिली पाणी लागले तितके ग्रॅम कॉस्टिक दर लिटरला जास्तीचे. मूळ प्रमाण दर लिटरला ३.५ ग्रॅम. समजा २ मिली लागले, तर ३.५ अधिक २ म्हणजे ५.५ ग्रॅम. ५० लिटर तेलाला २७५ ग्रॅम. आकडा ३ मिलीच्या वर गेला तर तेलातले आम्ल अडीच टक्क्यांच्या आसपास पोचले असे समजा. असे तेल एकट्या कॉस्टिकने करू नका, ते चांगल्या तेलात थोडे थोडे मिसळून वापरा. तुमच्या दह्याचे कारण बहुधा हेच.

५० लिटर तेलाला १० लिटर मिथेनॉल. जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये मिथेनॉल घेऊन त्यात कॉस्टिक थोडे थोडे टाका आणि कॅन हलवा. मिश्रण गरम होते, घाबरू नका, पण तोंड कॅनवर नेऊ नका. कॉस्टिकचे पोते उघडे राहिले असेल तर ते हवेतले पाणी ओढून ओले झालेले असते, मग वजन बरोबर येऊनही जोर कमी पडतो. नेहमी कोरडे, नुकते उघडलेले पाकीट घ्या.

तेल ५५ अंशांवर आणा, हीटर बंद करा, मगच हे मिश्रण सोडा. मिथेनॉल ६५ अंशांच्या जरा आत उकळते, त्यामुळे साठच्या वर कधी जाऊ नका. पंपाने किंवा ढवळणीने एक ते दीड तास फिरवा. रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी खाली काळसर घट्ट ग्लिसरीन बसलेले दिसेल, ते खालून काढा.

झाले की नाही ते तपासा : ३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलमध्ये घालून हलवा. सगळे विरघळले तर काम पूर्ण. तळाला तेलाचा थेंब बसला तर काम अर्धवट आहे, थोडे मिथेनॉल व कॉस्टिक घालून पुन्हा तापवा. हे न पाहता धुवायला घेतले, तर अर्धवट तेल आणि साबण मिळून पाण्यात असा फेस होतो की तो दोन दिवस बसत नाही.

धुताना पहिले पाणी कोमट आणि बारीक तुषारांनी, ढवळायचे नाही. एक तृतीयांश पाणी, ते खाली बसू द्या, काढा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हलके ढवळले तरी चालते. पाणी स्वच्छ येईपर्यंत तीन-चार वेळा. मग तापवून किंवा उन्हात फिरवून पाणी पूर्ण उडवा. काचेच्या बाटलीत भरल्यावर पलीकडे धरलेले वर्तमानपत्र वाचता आले पाहिजे. ते धुण्याचे पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नका. ग्लिसरीनही तसेच, त्यातले मिथेनॉल उघड्यावर उडून गेल्यावरच थोडे थोडे कंपोस्टमध्ये मुरवा.

१०० लिटर तेलातून ९० ते ९५ लिटर बायोडिझेल मिळाले तर काम चांगले झाले असे समजा.

हॉटेलातले बरेच तेल पाम असते. त्याचे बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपास गढूळ होऊ लागते. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची पहाट त्याहून थंड असते. तेव्हा फिल्टर तुंबतो आणि लोक इंजिनाला दोष देतात. थंडीत पाचातला एक भाग बायोडिझेल आणि चार भाग डिझेल, यापेक्षा जास्त नको.

प्रश्न : करंजाच्या तेलालाही हीच कृती चालेल का? — खानापूर

क्वचितच. गावात साठलेल्या बियांच्या तेलात आम्ल सहसा तीन मिलीच्या मर्यादेपेक्षा जास्त निघते. मग आधी गंधकाम्लाची पायरी करावी लागते. आम्लाच्या प्रमाणानुसार १०० लिटर तेलाला अर्धा ते एक लिटर गंधकाम्ल, २० लिटर मिथेनॉलमध्ये सावकाश मिसळून, साठ अंशांच्या आत तास-दीड तास फिरवायचे. मग वर आलेला मिथेनॉल-पाण्याचा थर काढायचा, आम्ल पुन्हा मोजायचे, आणि त्यानंतरच कॉस्टिकची नेहमीची पायरी. मिथेनॉल जास्त लागते, गंधकाम्ल हाताळणे धोक्याचे. हे घराच्या पडवीत करायचे काम नाही. चार-पाच गावांनी बी एकत्र करून एका ठिकाणी, प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या हाती करावे. हासनजवळ मडेनूरला बेंगळुरू कृषी विद्यापीठाचे जैवइंधन उद्यान आहे, तिथे करंज, कडुनिंब, मोह, सिमारूबा यांची लागवड आणि तेल-बायोडिझेलचे काम पाहता येते. यंत्र विकत घेण्याआधी ती एक फेरी जरूर करा.

प्रश्न : बायोडिझेल न करता करंजाचे तेलच इंजिनात घातले तर? आणि ट्रॅक्टरला बायोडिझेल घालताना काय काळजी घ्यावी? — अथणी

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवले होते, म्हणजे कल्पना जुनीच. पण तेल डिझेलपेक्षा दहापट तरी दाट असते. नोझलमधून त्याचा फवारा बारीक होत नाही, मोठे थेंब अर्धवट जळतात, नोझलवर आणि रिंगांत कोळसा साचतो. संथ चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ५-८ अश्वशक्तीच्या पंपाच्या इंजिनात ते चालवता येते, पण इंजिन डिझेलवर सुरू करायचे, दहा-पंधरा मिनिटांनी एक्झॉस्टच्या उष्णतेने ७०-८० अंशांवर तापलेल्या तेलावर न्यायचे, आणि बंद करण्याआधी दहा मिनिटे पुन्हा डिझेलवर आणायचे. इंजिन ऑईल निम्म्या तासांत बदलायचे. ट्रॅक्टरला कच्चे तेल कधीही घालू नका. आजचे इंजेक्शन पंप दुरुस्त करायला जो खर्च येतो त्यात वर्षभराचे डिझेल येते.

ट्रॅक्टरमध्ये बायोडिझेल घालायचे तर पाचातला एक भाग घालून सुरुवात करा. बायोडिझेल टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळ सोडवते, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत फिल्टर तुंबणार. जादा फिल्टर घरात ठेवा. साध्या रबरी नळ्या फुगून मऊ पडतात, त्यांवर आठवड्याला बोट फिरवून पाहा. लिटरमागे ताकद डिझेलपेक्षा सात-आठ टक्के कमी, हे खर्चाच्या हिशेबात धरा. वॉरंटीतल्या ट्रॅक्टरला कंपनीने पुस्तिकेत किती टक्के मान्य केले आहे ते आधी वाचा. सहा महिन्यांपेक्षा जास्त साठवू नका, आणि कॅन काठोकाठ भरून सावलीत ठेवा.

प्रश्न : माळावर मोगली एरंड (जट्रोफा) लावायला सांगणारे लोक पुन्हा येऊ लागले आहेत. लावावा का? — रायबाग

लावू नका. २००३ नंतर देशभर याची मोठी लागवड झाली आणि बहुतेक ठिकाणी ती सोडून द्यावी लागली. झाड माळावर जगते हे खरे, पण जगणे वेगळे आणि फळणे वेगळे. खत-पाणी नसेल तर बी हाताला लागत नाही. शिवाय फळे एकदम पिकत नाहीत, दर आठ-दहा दिवसांनी वेचावी लागतात, म्हणजे मजुरीतच पैसा संपतो. बी आणि पेंड दोन्ही विषारी.

प्रश्न : मग एरंडी? तिचे तेल तर भरपूर निघते. — हुक्केरी

तेल ४५ टक्क्यांच्या वर निघते, पण ते इतके दाट असते की बायोडिझेल केल्यावरही ठरलेल्या मानकात बसत नाही. आणि तसे करायची गरजही नाही. वंगण, रंग, साबण, औषधांसाठी एरंडीच्या बियांना चांगली मागणी असते. कडेला चार ओळी लावून बी विकावे. विषारी बी जनावरांच्या आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.

प्रश्न : भुईमुगाला दरवर्षी एक पोते डीएपी घालतो. शेंगा दिसायला बऱ्या, पण घाण्यावर तेल कमी निघते. — सौंदलगा (ता. निपाणी)

डीएपीत गंधक नाही, आणि तेलाला गंधक लागते. एक पोते डीएपीऐवजी एकरी तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट आणि २० किलो युरिया घाला. स्फुरद आणि नत्र तेवढेच मिळते, वर १६ किलो गंधक मिळते. पेरणीनंतर तीस-पस्तीस दिवसांनी आऱ्या (टोकाला शेंग धरणारे देठ) जमिनीत जाऊ लागल्या की एकरी २०० किलो जिप्सम ओळीलगत टाकून मातीची भर द्या. त्यातला चुना आऱ्या थेट शोषतात. तो नसेल तर शेंग भरते, आतला दाणा बारीक राहतो. भर दिल्यावर रानात पुन्हा कोळपे घालू नका, आऱ्या तुटतात.

काढणीची घाई हे दुसरे कारण. पाच-सहा वेल उपटून शेंगा फोडा. टरफलाची आतली बाजू काळसर झालेल्या शेंगा शंभरात पंच्याहत्तर असतील तेव्हाच काढा. कोवळ्या दाण्यात तेल भरलेलेच नसते.

तिसरे कारण घाण्यावर. दाण्यात ओल सहा-सात टक्के हवी. जास्त ओला दाणा घाण्यात घसरतो, पेंड मऊ आणि तेलकट येते. फार वाळलेला दाणा पीठ होतो, तेल गढूळ येते. मूठभर दाणे दाबल्यावर साल सुटून दाणा कटकन दुभंगला तर ओल बरोबर. आणि बुरशी लागलेले दाणे तेलासाठीही घेऊ नका. बुरशीचे विष पेंडीत उतरते आणि पेंडीतून म्हशीच्या दुधात.

प्रश्न : काळ्या रानात सोयाबीननंतर करडई घेतो, पण मावा पडून झाडे करपल्यासारखी होतात. करडई सोडून द्यावी का? — चिक्कोडी

सोडू नका, वेळ बदला. करडईची पेरणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत झाली पाहिजे. सोयाबीन निघून रान तयार होईपर्यंत ऑक्टोबर संपत येतो. मग झाड कोवळे असतानाच थंडी आणि मावा एकदम येतात. सोयाबीननंतर हरभरा घ्या, आणि करडईसाठी मूग किंवा उडदाचे रान राखा. ती पिके लवकर निघतात आणि ओल टिकते.

एकरी ३ ते ४ किलो बी, दोन ओळींत दीड फूट, विरळणी करून दोन झाडांत २० सेंटिमीटर. विरळणी पंधरा-वीस दिवसांनी करायचीच, त्यात निघालेली कोवळी रोपे भाजीला होतात. अण्णिगेरी कृषी संशोधन केंद्राचे ए-१ वाण आपल्या काळ्या रानात जमून गेलेले आहे. मर रोगासाठी बियाला ट्रायकोडर्मा चोळा. मावा आधी कडेच्या ओळींवर बसतो, म्हणून डिसेंबरात कडेने रोज फेरी मारा आणि तिथेच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. सगळ्या रानात पसरेपर्यंत थांबलात तर औषधाचा खर्च वाढतो आणि मधमाश्याही मरतात. काट्यांची भीती असेल तर काढणी पहाटे दव असताना करा, काटे मऊ असतात. करडईचे तेल गाळून थेट गिऱ्हाइकाला दिले तर बी विकण्यापेक्षा नक्की जास्त हातात येते, मात्र त्यासाठी अन्न सुरक्षेची नोंदणी आणि स्वच्छ बाटल्या हव्यात.

प्रश्न : सूर्यफुलाच्या मधल्या बिया पोचट राहतात. — कागवाड

परागीकरण कमी पडते. फुले उमलली असताना कीटकनाशक फवारू नका. पाकळ्या दिसू लागल्या की ०.२ टक्के बोरॅक्स, म्हणजे १० लिटर पाण्यात २० ग्रॅम, फुलावर फवारा. सकाळी आठ ते अकरा या वेळात, दिवसाआड, तळहाताला मऊ कापड बांधून फुलांवरून हलका हात फिरवा. दोन आठवडे हे काम करा. बांधावर गाजर गवत ठेवू नका, फुलकिडे तिथून येऊन विषाणू आणतात.

प्रश्न : बायोडिझेल करून गावात विकता येईल का? आणि आमचा माल आम्ही कोल्हापूरकडे विकतो, तिकडच्या हमीभाव केंद्रावर घेतील का? — निपाणी

पहिल्याचे उत्तर : परवानगीशिवाय नाही. विकायचे बायोडिझेल आयएस १५६०७ या भारतीय मानकात बसले पाहिजे, आणि केंद्राच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नोंदणी लागते. शेजाऱ्याला कॅन भरून देणेही विक्रीच धरली जाते. आपल्या यंत्रांपुरते करा.

दुसऱ्याचे : खुल्या बाजारात माल कुठेही विका, कागल-गडहिंग्लजला नेल्यास कुणी अडवत नाही. हमीभावाच्या केंद्राला मात्र जमिनीचा उतारा लागतो आणि तुमचा उतारा कर्नाटकाचा. म्हणून नोंदणी इकडेच, रयत संपर्क केंद्रात विचारून, फ्रूट्स (कर्नाटकाची शेतकरी नोंदणी) ओळख क्रमांकासह करा. त्या नोंदीत पीक पाहणी चुकीची लागलेली असेल, सोयाबीनऐवजी ऊस दिसत असेल, तर माल परत पाठवतात. ऑगस्टमध्येच नोंद तपासून दुरुस्त करून घ्या. कागद कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला बरोबर न्या आणि पिकाचे नाव व क्षेत्र मोठ्याने वाचून घ्या.